गावात बालवाडी एकच

नव्वदीच्या दशकात मी इस्लामपूरला सांगलीच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. संध्याकाळी बातम्यांचं पाकीट एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं छापील अंकांचे गठ्ठे खेडोपाडी जायचे. आमच्या संपादकांची एक शिस्त होती. बातमीत गाव पाहिजे, आळी पाहिजे, माणूस काय करतो ते पाहिजे, नाहीतर लोकांना बातमी आपली वाटत नाही. मी ते आरतीसारखं पाठ केलं होतं.

एका गावातल्या बाईनं अत्याचाराची फिर्याद दिली. अशा बाईचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असलेला तालुक्यात मी एकटाच शहाणा, अशी माझी समजूत. मोठ्या ऐटीत नाव गाळलं आणि गावाच्या नावापुढं लिहिलं, ‘मारुतीच्या देवळामागील बालवाडीत शिकवणारी महिला’.

बातमी आली त्या सकाळी तिशीतली एक बाई माझ्या दारात उभी राहिली. काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. ती जबाबासाठी इस्लामपूरच्या पोलीस ठाण्यात निघाली होती. गावच्या थांब्यावर तिनं अंक पाहिला आणि होते तेवढे सगळे विकत घेतले. एकच अंक आधी सलूनमध्ये गेला होता.

“बातमी तुमीच दिली न्हवं?”

“ताई, नाव छापलेलं नाही,” मी म्हणालो. खरं सांगतो, शाबासकीच्या अपेक्षेनं म्हणालो.

“आवं, आमच्या गावात बालवाडी एकच हाय.”

तोंडाला आलं ते बोललो, उद्याच खुलासा छापतो.

“नगं, नगं,” ती घाईनं म्हणाली. “ज्यांनी वाचलं न्हाई त्यास्नी कशाला सांगताय? मला त्याच गावात ऱ्हायचं हाय.” तिनं गठ्ठा पायरीवर ठेवला. “ह्ये तुमच्यापाशी ठिवा. रद्दीत घालू नगा. वाण्याची पुडी हून पुन्हा गावात यील.”

सलूनमधला तो एक अंक गावाला पुरला. आठवड्याभरात आयांनी पोरं पाठवायची बंद केली. पुढं तिथल्या ग्रामपंचायतीची बातमी लिहिताना मला कळलं, बालवाडीवर दुसरी बाई आली आहे. पहिली कुठं गेली, खटल्याचं काय झालं, मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं तर पुन्हा ‘ती बालवाडीची’ असंच म्हणावं लागलं असतं. मला माझीच शिसारी आली होती, आणि ती अजून गेलेली नाही. आजही कुठल्या बालवाडीवरून जाताना पोरांचा गलका ऐकू आला की मी भराभर चालू लागतो. गलका एकदम थांबेल अशी भीती वाटते.

गठ्ठा माळ्यावर आहे. जाळायचं दोनदा ठरवलं, पण तिनं ‘ठिवा’ म्हटलं होतं. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत बायको त्याला हात लावते आणि मी तिच्यावर खेकसतो.

यंदा लेकीनं विचारलं, “बाबा, एवढं जपून ठेवलंय, कुणाची बातमी आहे त्यात?”

“एका बाईची.”

“कोण बाई?”

नाव मी सांगणार नव्हतोच. पण गाव, देऊळ, बालवाडी, सगळं ओळीनं माझ्या जिभेवर आलं होतं.