गोल्फच्या खोलीची उंची

आखातातून परतल्यावर मी खांदा कॉलनीत बंगला बांधायला घेतला. त्यातली एक खोली खास गोल्फची होती. घरात काठी फिरवायची आणि चेंडू समोरच्या पडद्यावर आदळला की पडद्यातल्या मैदानात पुढे जाताना दिसणार! स्लॅबसाठी नऊ फुटांवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली होती. स्लॅबखालचा साचा ठोकणारे सेंटरिंगवाले फळ्या घेऊन खोळंबले होते आणि गवंडी मात्र एक डोळा मिटून दोरीकडे बघत उभा.

"आता काय?" मी खेकसलो.

त्यानं कानामागची विडी काढली, परत खोचली. "शेट, काठी फिरवा बगू."

मी रागानंच गाडीतून गोल्फची काठी आणून फिरवली. डोक्यावरची दोरी तटकन तुटली.

"गोठा बैलाच्या पाठीवरून नाय मापत," तो म्हणाला. "शिंगांवरून मापतात."

नकाशा मी दहादा तपासला होता. त्यात पडदा होता, दिवे होते. काठी उगारलेला मी कुठेच नव्हतो.