न दुखणारे गुडघे

माझ्या दोघी नातींनो,

धाकटीच्या जन्माच्या वेळी आजी का आली नाही, असं थोरलीने मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं. मी सवयीने म्हणाले, गुडघे दुखत होते. ते खोटं होतं. तुमच्या आईला आता सगळं कळलं आहे, तेव्हा तुम्हांलाही कळायला हवं. वाचायला अडलं तर ती वाचून दाखवील.

आपल्याकडे मुलीचं बाळंतपण तिच्या आईने करायचं असतं. थोरलीच्या वेळी तुमची आई नाशिकला आली होती. रोज सकाळी न्हाणीत पाटावर बसून, पाय लांब करून, थोरलीला पायांवर आडवं घेऊन मी न्हाऊ घालत असे. धाकटीच्या वेळी मी तिकडे यायचं ठरलं. विमानाच्या तिकिटापुरती मुदत ठेव केली होती. बॅग दोन महिने आधीच भरून ठेवली, कारण मला शेवटच्या क्षणाची धावपळ सोसत नाही. दुपटी, टोपडं, वेखंड, घुटी उगाळायची सहाण. फक्त डिंकाचे लाडू निघायच्या आदल्या दिवशी करायचे होते.

आणि आजोबांच्या छातीत दुखू लागलं. दोन दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागली. विमा होता, पण त्याची मर्यादा आम्ही वीस वर्षांपूर्वीच्या खर्चाच्या अंदाजाने ठरवलेली. तिकिटाची ठेव मोडली, ती पुरली नाही. मग बँकेचं कर्ज काढलं आणि उरलेलं क्रेडिट कार्डावर टाकलं.

तुमच्या आईला तेव्हा सातवा महिना होता. तिला काही कळू द्यायचं नाही, असं आजोबांनी खाटेवरून बजावलं. बाळंतपणानंतर सांगू, असं मीही ठरवलं. पण नंतर सांगितलं असतं तर तिने पैसे पाठवले असते. मुलीच्या घरचं घ्यायचं नाही, हे माझ्या आईने माझ्यात असं मुरवलं होतं, की इंग्रजी शिकून आणि पुढे तीस वर्षं शिकवूनही ते निघालं नाही. म्हणून गुडघ्यांचं निमित्त काढलं.

तुमच्या आईने लगेच तिकडून गुडघ्यांचे पट्टे पाठवले. व्हिडिओ कॉलच्या आधी मी ते चढवत असे. आजोबा म्हणायचे, "जरा लंगडत तरी चाल. शोभेल."

कार्डाच्या बाबतीत मी मोठी चूक केली. बिलावर 'किमान रक्कम' असा रकाना असतो. ती मी दर महिन्याला तारखेच्या आत भरत होते आणि शहाण्यासारखी वागते आहे असं समजत होते. आठ महिन्यांनी बँकेतल्या एका मुलीने दाखवलं, की मी भरलेलं जवळपास सगळं व्याजातच गेलं होतं. उतारा शेवटपर्यंत वाचा आणि मगच उत्तर लिहा, असं वर्गात सांगणारी मी. बिलाची मागची बाजू मी वाचलीच नव्हती.

त्या दिवशी माझ्या पाटल्या विकल्या आणि कार्ड कात्रीने कापलं. आजोबांचं पेन्शन हप्त्याला आणि औषधांना, माझं घराला. संध्याकाळी हॉलमध्ये इंग्रजीची शिकवणी सुरू केली, ते पैसे सरळ कर्जात. नाशिकरोडहून शहरात जायचं तर रिक्षा नाही, बस. वर्तमानपत्र बंद केलं. आजोबा शेजाऱ्यांकडे जाऊन वाचत आणि चहाही तिथेच पिऊन येत. द्राक्षांच्या दिवसांत घड न घेता गळलेले सुटे मणी घ्यायचे. ते निम्म्याहून स्वस्त मिळतात आणि गोडीला काही कमी नसतात.

या गोष्टी जड गेल्या नाहीत. सकाळची वेळ जड जाई. न्हाणीत पाटावर बसले की पाय आपोआप लांब व्हायचे. धाकटीचा पहिला दात मी फोनमध्ये पाहिला, पहिलं पाऊलही. ती पडली तेव्हा मी इकडे हात पुढे केला होता.

मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला आणि कर्ज फिटल्याचं पत्र आलं. आजोबांना राहवलं नाही. तुमच्या आईचा फोन आला तेव्हा त्यांनी ते पत्रच कॅमेऱ्यासमोर धरलं. मग पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. ऐकून तिने विचारलं,

"म्हणजे बाबा आयसीयूत होते आणि तू मला फोनवर नाचणीच्या खिरीचं प्रमाण सांगत होतीस?"

मी हो म्हटलं.

"पैसे नसतेस घेतले तर नसतेस घेतले. मला वाटायचं तू रागावली आहेस, आई. आम्ही इथे घर घेतलं म्हणून. चार वर्षं मला तेच वाटत होतं."

त्यांनी तिकडे घर घेतल्याचं कळवलं तेव्हा मी एवढंच म्हणाले होते, की आता परत येण्याचं नावच नको. मी ते विसरूनही गेले होते. तिने मात्र त्या वाक्याला माझं न येणं जोडून ठेवलं होतं. मी पैशाची काळजी तिच्यापासून लांब ठेवली आणि त्याहून वाईट काळजी तिच्या पदरात टाकली. हे फेडायला हप्ते नसतात.

मग तिने विचारलं, तिकीट पाठवू का? आजोबा माझ्याकडे बघत राहिले. माझी आई काय म्हणाली असती, ते मला ऐकू येत होतं.

"पाठव," मी म्हणाले.

काल कपाटावरची बॅग काढली. वेखंडाचा भुगा झाला आहे. टोपडं माझ्या मुठीवर बसतं. धाकटी आता एकटी आंघोळ करते आणि दाराला कडी लावते, असं थोरली सांगते. तरी मी एक दुपटं बाहेर काढून ठेवलं आहे. त्याला माझ्या जुन्या साडीची पट्टी जोडते आहे, म्हणजे पांघरायला होईल.

थोरलीने एक काम करावं. धाकटीला भिंतीशी उभी करून तिची उंची मोजावी आणि कळवावी. फोनमध्ये मला अंदाज येत नाही.

तुमची आजी