सात परस दोर

कळंबमध्ये सगळे सांगतात, तात्यानं, म्हणजे माझ्या चुलत्यानं, मला पोहायला शिकवलं. साफ खोटं. कमरेला दोर बांधून त्यानं मला विहिरीत ढकललं आणि मी गटांगळ्या खात असताना दोराचं टोक धरून काठावर हसत उभा राहिला. "दोन घोट पिऊ द्या त्याला. त्याबिगर प्वाहणं येत न्हाय." आमच्याकडं तशी रीतच होती. घोट मी प्यालो, पोहणं काही आलं नाही. हे दोन घोट याला एकदा पाजायचेच, एवढं मात्र पक्कं ठरवलं.

संधी आली ती नव्वद सालानंतर. इंदापूरजवळ धरणाच्या फुगवट्यात माझ्या मेव्हण्याची होडी होती. खताची पोती उसवून त्यानं तिला शीड शिवलं होतं. पलीकडच्या काठाला पाहुण्यांकडं जावळ होतं आणि तात्याही येणार होता. मेव्हणा म्हणाला, "दाजी, कुणी पडलंच तर काढाय कायतरी करून ठेवा."

इतक्या आवडीनं मी दुसरं काही केलं नसेल. हायवेच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली, हवा भरून हौदात बुडवून पाहिली, नायलॉनचा दोर बांधला. हात वर करून उभा माणूस म्हणजे एक परस. आमच्या विहिरीला सात परस लागायचा, मी तेवढाच कापला. ढकलायचं पाप मी करणार नव्हतो. पण तात्या एका जागी बसणारा नव्हता.

मध्यावर तो धोतर सावरायला उठला, शीड फिरलं आणि तो पाण्यात. पट्टीचा पोहणारा, पण धोतर पायात गुंतलं. ट्यूब माझ्या हातात होती. एक घोट. त्यानं माझ्याकडं पाहिलं. दुसरा घोट. मग फेकली.

दोर संपला आणि ट्यूब त्याच्यापासून पाच हात अलीकडं पडली. विहीर जागची हलत नाही. शिडाची होडी पुढं पळतच असते, हे आम्हा विहिरीवरच्यांच्या डोक्यात कुठलं यायला? तात्या खाली गेला. मला उडी मारता येत नव्हती. मेव्हण्यानं शीड पाडलं, वल्ही मारत होडी मागं घेतली आणि बंडीला धरून त्याला ओढून काढलं.

"दोर लई आखूड कापलाय, दाजी."

"दोर बराबर हाय," तात्या पाणी ओकत म्हणाला. मग फक्त मला ऐकू येईल असं बोलला, "पैल्या घोटाला टाकला असतास, तर पुरला असता."

तोही मोजत होता. पहिल्या दोन घोटांचं मला आजही काही वाटत नाही, ते त्याचेच होते. त्यापुढचे मी पाजले, आणि मरेपर्यंत त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. त्या न सांगण्याचा राग मला अजून येतो.