सिग्नल पडला की हसणारा माणूस

सिग्नल गेल्यावर खूश होणारा जगात एकच माणूस असावा. मी फार जग पाहिलेलं नाही, आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण सोलापुरात तरी दुसरा नसेल. आम्ही त्यांना दादा म्हणतो. उपग्रहाचा सिग्नल पावसातून येताना किती क्षीण होतो, हे शोधणारं सॉफ्टवेअर ते पीएच.डी.साठी लिहितात. यासाठी त्यांनी सोलापूर का निवडलं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. करमाळ्याकडं त्यांच्या घरी शेळ्या आहेत, म्हणून की काय, संगणक अडकला तरी ते कुणाला बटण दाबू देत नाहीत. "डेटा लई खाल्लाय, रवंथ करू दे," म्हणतात. सख्ख्या भावाच्या लग्नात मांडवावर ढग आले तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. दादांनीही जोडले, पण त्यांचं मागणं उलटं होतं.

यंदा मात्र त्यांच्या गाइड सरांनी बजावलं होतं की या पावसाळ्यात एका चांगल्या सरीची नोंद मिळाली नाही, तर प्रबंध विसरा. श्रावण कोरडा गेला. आणि एका दुपारी पडद्यावरची सिग्नलची रेघ धाडकन खाली आली. आमच्या प्रयोगशाळेला खिडकी नाही. पाऊस आम्हाला पडद्यावरच दिसतो. सरांनी येऊन दादांची पाठ थोपटली. दादा भिजायला म्हणून गच्चीकडं धावले, मागोमाग मी.

वर रखरखीत ऊन होतं. अँटेनाच्या तबकडीवर वॉचमनच्या बायकोनं ओली चादर पसरली होती.

"हितं वाऱ्यानं उडत न्हाय की," मावशी म्हणाल्या.

दादांनी चादरीचं टोक चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "वाळू द्या, मावशी."

चादर वाळेपर्यंत ते तिथंच बसले आणि सिग्नल कसकसा वर येतो ते मोबाइलवर बघत राहिले. मला वाटलं, कुणाला काय कळणार आहे? खाली आल्यावर मात्र ते सरळ सरांकडं गेले. "सर, ती चादर होती," एवढंच म्हणाले. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. अजून एक पावसाळा मिळतो का ते विचारून बघतो, म्हणाले. पण खात्री देत नाही.

संध्याकाळी दादांच्या आईचा फोन आला. रोज येतो, आणि रोज प्रश्न एकच.

"न्हाय गं आये," दादा म्हणाले. "पडंल की."

फोन ठेवून ते पडद्याकडं वळले. रेघ सरळ चालली होती, कुठंही खळगा नव्हता. मी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसलो.