पाच अठ्ठावन्नला भरलेलं टेंडर

रघूच्या छातीत चारला दुखायला लागलं. टेंडर सहाला बंद होणार होतं.

आज वर्ष झालं. त्या दोन तासांत काय झालं, हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

रघू माझा अमळनेरच्या शाळेतला बाकावरचा सोबती. इथे सुरतेत, पर्वत पाटिया भागात, आमचा दोघांचा शिलाईचा कारखाना. सरकारी वसतिगृहांतल्या मुलांचे युनिफॉर्म शिवायचे. सोळा बाया मशीनवर.
ते काम हुकलं असतं तर शटर कायमचं खाली.

टेंडर ऑनलाइन. डिजिटल सही रघूच्या नावावर, पिन फक्त त्याच्या डोक्यात.

आणि त्याची जुनी खोड, रेट शेवटच्या पंधरा मिनिटांतच टाकायचा. आधी टाकला की फुटतो, दुसऱ्यांना कळतो, असं तो शपथेवर सांगायचा.

साडेचारला त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. एसी चालू होता.

"रघू, दवाखान्यात चल."
"काही नही व्हत भो, गॅस शे. पहिले हाई भरू."

मी परत खुर्चीत बसलो.

पावणेसहाला रेट टाकला. फाइल अपलोड होईना. स्क्रीनवर ते चक्र नुसतं फिरत राहिलं.
घाबरलो की मला पाचवीतल्या कविता आठवतात, गुरुजींच्या चालीसकट. ओठ आपोआप हलायला लागले.

"कविता नको म्हनू," रघू हसला, "नेट अजून स्लो व्हई."

हसताना त्याचे ओठ निळसर दिसले.
मी पाहिलं. आणि नजर परत स्क्रीनवर नेली.

पाच अठ्ठावन्नला त्याने पिन टाकला. सबमिट. पावती आली.
"चाल आते," म्हणत उठला, आणि जिन्यातच खाली बसला.

हॉस्पिटलात डॉक्टर हळूच म्हणाले, "एक कलाक वहेला लाव्या होत तो..."

एक तास आधी आणलं असतं तर.
एक तास आधी मी त्याच्या शेजारीच होतो.

टेंडर आम्हालाच लागलं. बायांनी पेढ्यांना हात लावला नाही.

लोक म्हणतात, काका, शेवटपर्यंत साथ दिलीत. मी मान हलवतो. त्याला ओढून नेता आलं असतं.
पण मलाही ते टेंडर हवं होतं.

यंदाचं टेंडर चार दिवस आधीच भरलं. सही आता माझी. रेट फुटला तर फुटू दे.

रघू, मनापासून निरोप देतो.
जा रे. आता थांबवत नाही तुला.