शाहूपुरीतलं केरळ

"तिला बी पोट हाय की," असं म्हणत शेजारचे काका पानावरची गोगलगाय दोन बोटांनी अलगद उचलायचे आणि डब्यात ठेवायचे. डब्याच्या झाकणाला भोकं पाडलेली, तिचा जीव गुदमरू नये म्हणून. आता तुम्हीच सांगा, अशा माणसानं बाग करायची म्हणजे काय!

काका जैन. शाहूपुरीतलं हार्डवेअरचं दुकान मुलाच्या हवाली करून घरी बसलेले. काकूंना एकदा केरळ बघायचं होतं. तिकिटं काढली आणि काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशनसाठी त्या बेळगावला मुलीकडे गेल्या. ऑपरेशन झकास झालं, पण काकू चालायलाच घाबरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले चाला, मुलगी म्हणाली चाल, काकू काही पलंग सोडेनात.

"केरळ हितंच आणतो," काका मला म्हणाले. "बघू कशी चालत न्हाई ती."

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मोबाइलवर मोठ्या पानांच्या बागा शोधून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दोन-तीन महिन्यांत परसातले गंजके पत्रे गेले आणि तिथं केळी, सुपारी, नेचे, लाल तुऱ्यांचे हेलिकोनिया दाटीवाटीनं उभे राहिले. वर हिरवी जाळी, खाली नारळाच्या सोडणांचा थर. काका दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारायचे. "अंगाला घाम सुटला पायजे बाई, तवा केरळ." मधली वाट त्यांनी मुद्दाम नागमोडी केली. सरळ केली तर आठ पावलांत संपते म्हणे.

ओलाव्याला गोगलगायी आल्या. केळीच्या कोवळ्या पानांची चाळण झाली. मी म्हटलं, "मीठ टाका, काका." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा मिठाचं नाव काढलं नाही. रोज सकाळी डबा स्कूटरवर ठेवायचा आणि गावाबाहेर ओढ्याकाठी गोगलगायी सोडून यायचं, असं सुरू झालं. एकदा मीही गेले. काका डबा उघडतायत तोवर बांधावरून एक शेतकरी आला.

"ओ पावणं, काय सोडताय?"

"गोगलगाई हायत्या," काका खरं बोलून मोकळे.

"आणि माझं सोयाबीन कोण खातंय म्हणून मी डोकं धरून बसलोय!"

काकांचा चेहरा पडला. एकाचा जीव वाचवायच्या नादात दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला होता. त्यांनी हात जोडले. पुढचे चार दिवस ते त्याच्या शेतात वाकून गोगलगायी वेचत होते आणि भरला डबा घरी आणत होते. मी आपली हसू दाबत फिरत होते.

काकू यायला आठवडा उरला. मग काकांनी बागेच्या कोपऱ्यात गोगलगायींची पंगत मांडली. कोबीची पानं, पपईच्या साली, रोज दिवस मावळायच्या आत वाढायचं. काका अंधार पडल्यावर जेवत नाहीत. गोगलगायी अंधारातच जेवतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण पंगत पसंत पडली असावी, कारण नवी पानं बरीचशी वाचली.

मुलीनं काकूंना गाडीतून आणलं आणि धरून परसदारी खुर्चीत बसवलं.

"तिकडं लाल लाल काय हाय ओ?"

"वळणामागं हाय. बसून न्हाई दिसायचं," काका म्हणाले आणि पाइप घेऊन झाडांकडे वळले.

काकू थोडा वेळ मान वाकडी करून बघत राहिल्या. मग काठी टेकून उठल्या. एक पाऊल, थांबल्या, दुसरं. काकांनी मागं वळून बघितलं नाही. पाइपाचं पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

गेल्या आठवड्यापासून शेजारच्या घराला कुलूप आहे. बागेला पाणी मी घालते. काल काकूंचा फोन आला, खऱ्या केरळातून.

"काका कुठायत?" मी विचारलं.

"बसल्यात मागं, नारळाखाली," काकू म्हणाल्या. "माझ्याबरोबर चालून चालून दमलं की गं त्ये."