पडद्याआडचा हात

उमरग्यात हायवेलगत, एका दवाखान्याच्या वर माझी खोली होती. खाली पेशंट खोकायचे, समोरून हैदराबादचे ट्रक जायचे आणि मी वेबसाइटी बनवायचो. ट्रक गेला की टेबलावरचा चहा हिंदकळायचा. आता दवाखानाच वरपर्यंत वाढलाय, माझी खोली त्यात गेली. तरी तिथून जाताना मान आपोआप वर होते आणि जीव थोडा हळहळतो.

त्या वेळी सास्तूरच्या काही मंडळींनी गावाची वेबसाइट करायला घेतली होती. त्र्याण्णवच्या भूकंपाआधीच्या गावाचं एक पान त्यांना हवं होतं. मागे जुन्या घराचा फोटो, आणि त्यावर त्या घरची माणसं दुसऱ्या फोटोतून कापून आणून उभी करायची. फोटो सापडेल तसे लोक पाठवणार आणि आपलं माणूस हवं तिथं सरकवणार. त्यासाठी मी एक मॉड्यूल, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिलं होतं आणि त्यावर स्वतःच भलता खूश होतो.

एके दिवशी एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका धापा टाकत जिना चढून आले. पिशवीत दोन फोटो. पहिला पोळ्याचा, झूल घातलेली बैलजोडी ऐटीत उभी आणि मागे त्यांच्या घराचं दार. माणसांआधी बैलांचे फोटो काढायची आमच्याकडची रीतच, म्हणून ते दार तरी फोटोत वाचलं होतं.

दुसरा फोटो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, स्थळांना पाठवायला काढलेला. फिरत्या फोटोग्राफरनं अंगणात बागेचं चित्र रंगवलेला पडदा टांगला होता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईचं ठाम मत. लेकीच्या लग्नासाठी तिनं तेवढं चालवून घेतलं, स्वतः मात्र पडद्याआड उभी राहिली. ऐन वेळी लेकीचा पदर घसरला, तो सावरायला आईनं आडून हात काढला आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. बहिणीच्या खांद्यावर बांगड्या भरलेला तो हात, मनगटाच्या मागे पडद्याची कड. आईचा फोटो म्हणून काकांकडे तेवढाच होता.

भूकंप झाला तेव्हा बहीण गौरी-गणपतीला माहेरी आलेली होती. दोघी त्याच घरात होत्या. काका मुक्कामी गाडीवर होते. बहीण आणि तो हात, दोन्ही आपल्या दारात दिसावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी ती खोटी बाग कडेकडेनं खोडून काढली, बहीण आणि हात तेवढे ठेवले आणि फोटो अपलोड केला. पानावर एक काळाकुट्ट ठोकळा उमटला, त्यात बहीण. बैलांची शिंगंसुद्धा त्याखाली गेली. मोकळी ठेवलेली जागा माझं मॉड्यूल काळ्या रंगानं भरून टाकत होतं.

काका म्हणाले, "दारच झाकलं की वो तुमी."

मला राग आला, तोही माझ्याच मॉड्यूलचा. पण बोललो भलतंच. हात काढून टाकला तर ठोकळा निम्मा होईल, असं सुचवलं. काकांनी फोटो उचलून पिशवीत घातला. ती पिशवी बंद व्हायच्या आत मी फोटो परत मागून घेतला.

मग मी हट्टालाच पेटलो. माझं मॉड्यूल आलेला प्रत्येक फोटो लहान करायचं आणि फाइलच्या एकाच साच्यात, जेपीजीत, घालायचं. त्या साच्यात पारदर्शक जागा टिकतच नव्हती. तो साचा बदलला, तर लहान केलेला फोटो ज्या कोऱ्या पानावर उतरायचा, ते पानच काळं यायला लागलं. ते पानही आधी पारदर्शक करून घेतलं, तर बहिणीच्या केसांभोवती काळी किनार उरली. तीही घालवली. आता हे सगळं फोनवर एका बोटानं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र वाटतं. त्या खोलीत मी तेवढ्या आनंदात पुन्हा कधी काम केलं नाही.

काकांना निरोप धाडला. ते आले, तेव्हा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नुसता बैलांचा फोटो होता आणि कोपऱ्यात त्यांची बहीण, भोवती काहीच नाही. मी माउस त्यांच्या हाती दिला. त्यांनी तिला बैलांच्या मागून, अडखळत, दारापर्यंत आणलं. उंबऱ्याच्या बाजूला भिंतीशी उभी केली. जरा मागेपुढे केली. जिथं फोटोग्राफरच्या पडद्यानं मनगट तोडलं होतं, बरोबर तिथं दाराची चौकट आली. आत अंधार होता आणि त्या अंधारातून हात बाहेर येऊन लेकीचा पदर सावरत होता.

काकांनी माउस सोडला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आय घरातच हाय," ते म्हणाले.